शौक चेनसॉचा, पण पोटापाण्याचं काय?

सरळरेघ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मध्यंतरी इथे 'गरम झाला की सॉ बंद पडतो' असा एक धागा आला होता. त्यावरचे सल्ले वाचताना मजा वाटली. एकानं लिहिलं, आधी नीट सांगा, कधीपासून होतंय, गार असताना होतं का, आणखी काही त्रास? दुसऱ्यानं एकेक शक्यता वगळत वगळत गाडी मुक्कामाला नेली. तिसऱ्यानं कार्ब्युरेटरचा 'एच' स्क्रू (पूर्ण वेगात किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) किती फिरवायचा ते सांगितलं आणि गेला. वाचताना वाटलं, पहिला डॉक्टर असणार, दुसरा प्रोग्रॅमर, तिसरा मेकॅनिक.

तेव्हापासून विचारायचं मनात आहे. करवतीवर ज्यांचं पोट नाही, केवळ आवडीपोटी जे ओंडके कापतात, फळ्या पाडतात, जुने सॉ उघडून बसतात, ते एरवी काय करतात? आणि तुमच्या कामाची सवय सॉ हातात घेतल्यावर कुठे दिसते?

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे भांडायला बरं. माणूस शौकात आपला धंदा विसरत नाही. सॉ किती सीसीचा आहे यापेक्षा तो चालवणारा दिवसभर कशावर नजर ठेवतो, यावरून तो किती सांभाळून कापेल ते कळतं.

---

भुसा

त्यातला दुसरा तो मीच. प्रोग्रॅमरच आहे. दंडवत घ्या!

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आमच्या कामातलं पथ्य. सॉ गरम झाल्यावर बंद पडला तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करून बघायचं. लगेच सुरू झाला तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायचं भोक, चोंदलाय. नाहीच झाला तर गरम असतानाच प्लग काढून ठिणगी तपासायची, कारण गार झाल्यावर इग्निशन कॉइल पुन्हा साळसूदपणे चालते आणि दोष सापडत नाही. बरेच जण प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळं एकदम बदलतात. सॉ सुरू होतो, पण बिघडलं काय होतं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

---

खोडकर

आमचं केशकर्तनालय आहे. आठवडाभर शेंडा, सुट्टीच्या दिवशी बुंधा.

---

भूलभुलैया

@सरळरेघ, पहिला नव्हे, पहिली. डॉक्टर बरोबर ओळखलंत. मी भूलतज्ज्ञ आहे.

सवय कुठे दिसते म्हणाल, तर सॉ सुरू करण्याआधी. भूल देण्यापूर्वी आम्ही यंत्र, नळ्या, औषधं ठरलेल्या क्रमानं तपासतो, मग रुग्ण कितीही साधा असो. सॉचंही तसंच. चेनचा ताण, चेन कॅचर (तुटलेली चेन अडवणारा आकडा) शाबूत आहे का, थ्रॉटलचं लॉक, स्टॉपचं बटण. सुरू केल्यावर आयडलला, म्हणजे थ्रॉटल न दाबता, चेन स्थिर आहे ना, ब्रेक लावल्यावर थांबते ना, आणि बारचं (चेन जिच्या कडेनं फिरते त्या लांब पट्टीचं) टोक फिक्या रंगाच्या लाकडाकडे धरून वेग दिला की तेलाची रेघ उमटते ना. यातलं एकही चुकलं तर त्या दिवशी कापणं बंद.

कामामुळे आणखी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे. काही संकटं आपल्या प्रतिक्रियेपेक्षा वेगवान असतात. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशाला लागला की सॉ उसळून मागे येतो, तो इतक्या झटक्यात की 'आता हात मागे घेऊ' हा विचार पोचायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून बचाव आधीच करून ठेवायचा. डावा अंगठा पुढच्या मुठीला वळसा घालून, डावी कोपर सरळ, आणि डोकं बारच्या रेषेत कधीही नाही. मी लोकांचे सॉ चालवतानाचे फोटो बघते तेव्हा आधी अंगठाच शोधते.

---

जुनंतेसोनं

मग तिसरा मी! पण मेकॅनिक म्हणू नका हो, जहाजावरच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं. आता निवृत्त.

मी फार कापत नाही. जुने सॉ गोळा करतो आणि चालते करतो. १९५९ चा स्टिल कॉन्ट्रा माझा लाडका. त्याआधीच्या बऱ्याच सॉंमध्ये इंजिन आणि चेनच्या मधे गिअर असायचे. इंजिनाचा वेग कमी करून चेनला दिला जायचा. कॉन्ट्रात क्लचवरून थेट चेनला वेग. हातात धरला की बारा किलोच्या आसपासचं वजन लगेच कळतं, पण त्या काळच्या लाकूडतोड्याला तो हलका वाटला असणार. गंमत म्हणजे हस्कवर्नाचा पहिला चेनसॉही १९५९ चाच. ती मंडळी १६८९ पासून बंदुका घडवत होती.

जहाजावरचं इंजिन बंद पडण्याआधी आवाज बदलतं, आणि तो बदल ज्याला ऐकू येतो तोच खरा इंजिनीअर. सॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाचंही तेच. पूर्ण वेगात भार नसताना बारीक फडफडणारा, अडखळल्यासारखा आवाज आला आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ झाला, तर मिश्रण योग्य. भार नसतानाही आवाज अगदी सफाईदार, किंचाळल्यासारखा येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं तेलही कमी. त्यातच पिस्टन चिकटतो. नवखा माणूस नेमका त्याच आवाजावर खूश होतो.

---

दाढदुखी

दंतवैद्य. चेनलाही दातच असतात, तेव्हा हे व्हायचंच होतं.

पण ऐका, हा निव्वळ विनोद नाही. साखळीची करवत मुळात जन्मली वैद्यकात. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधले दोन डॉक्टर, जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री, हाड कापायला बारीक दातांची साखळी वापरत होते. दोन्ही टोकांना मुठी, हातानं ओढायची. पुढे १८३० मध्ये बर्नहार्ड हाइन यांनी ऑस्टिओटोम केला. त्यात एका पात्याभोवती साखळी फिरते आणि हँडल फिरवून ती चालवायची. चित्र बघितलंत तर आजच्या सॉचा बार ओळखू येतो. @भूलभुलैया, तेव्हा तुमची भूल यायला अजून सोळा वर्षं होती, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

माझी कामाची सवय धार लावताना दिसते. भिंग लावूनच बसतो. दाताची वरची कड जिथे बाजूच्या कडेला मिळते तो कोपरा बघायचा. तिथे प्रकाशाची बारीक चमक दिसली तर कड गोल झालेली आहे. धारदार कडेवरून प्रकाश परत येत नाही, ती काळी दिसते. चमक जाईपर्यंत कानस चालवायची, एकाच दिशेनं, आतून बाहेर. परत आणताना उचलून आणायची. आणि सगळ्यात बोथट दातापासून सुरुवात, कारण बाकीचे सगळे त्याच्याच लांबीचे करायचे असतात.

---

भुसा

हे 'चमक दिसली तर बोथट' एकदम पटलं. आत्ताच उठून बघून आलो. चमकतंय.

---

दोरखंड

बराच वेळ रोमात होतो, म्हणजे नुसता वाचत होतो. धाग्याचा प्रश्न माझ्यासाठी नाही, कारण मी करवतीवरच पोट भरतो. दोरावर चढून झाडं उतरवतो. पण @सरळरेघ, तुमच्या मताशी पूर्ण असहमत, म्हणून लिहितोय.

माणूस दिवसभर कशावर नजर ठेवतो याला आमच्याकडे काडीची किंमत नाही. हाताला सराव आहे का, एवढंच झाड विचारतं. महिन्यातून एकदा सॉ उचलणारा सर्जन असो नाहीतर वैमानिक, पहिला तासभर त्याचा अंदाज चुकणारच. बारचं टोक कुठे आहे हे न बघता कळावं लागतं, आणि ते खुर्चीत बसून येत नाही.

दुसरं. शौकीन मंडळींचं मला नेहमी खटकतं ते हे की ओंडके कापता कापता एक दिवस त्यांना उभं झाड खुणावतं. शेजारी म्हणतो, तुमच्याकडे सॉ आहेच, तेवढं ते झाड पाडून द्या की. फुकटात. आणि हे निघतात. आडवं लाकूड आणि उभं झाड ही दोन वेगळी कामं आहेत. आडव्या लाकडात चूक झाली तर बहुतेक वेळा बार अडकतो. उभ्या झाडात चूक झाली की पळायला जागा लागते, आणि ती यांनी आधी मोकळी केलेली नसते.

मी सुट्टीच्या दिवशी सॉला हात लावत नाही. थंडीत माझी दोन बोटं पांढरी पडतात. कंपनामुळे. रक्तवाहिन्या आकसतात, बोटं बधिर होतात, मग रक्त परत आलं की ठणका. हे एकदा फार पुढे गेलं की मागे येत नाही. युरोपात २००२ च्या निर्देशानं हाताच्या कंपनाला मर्यादा घातल्या आहेत. आठ तासांच्या हिशोबानं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकानं उपाय सुरू करायचे आणि ५ च्या पुढे जाऊच द्यायचं नाही. तुमच्या शौकाला असा मालक नाही. तुमचे तुम्हीच.

---

फळीबहाद्दर

@दोरखंड, सरावाबद्दल सहमत. पण सरसकट सगळ्या शौकिनांना एका दावणीला बांधू नका. मी लेखापाल आहे, रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे, आणि तरीही उभ्या झाडाला हात लावत नाही. पडलेल्या खोडांच्या फळ्या पाडतो. हिशोब लिहायची सवय असल्यामुळे प्रत्येक खोडाची नोंद असते. कधी पडलं, कधी फाडलं, किती जाडीच्या फळ्या, वजन किती उतरलं.

वजन मुद्दाम लिहिलं. फळी सुकली की नाही हे हाताला कळत नाही. दर काही आठवड्यांनी तीच फळी तोलायची. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेपुरती ती सुकली. एक इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ ठोकताळा सगळे सांगतात, पण कठीण लाकूड त्याहून जास्त घेतं आणि मऊ लाकूड बरंच आधी तयार होतं. खोडाची दोन्ही तोंडं कापल्या दिवशीच मेणानं किंवा रंगानं बंद करायची, नाहीतर पाणी तिथूनच भराभर निघतं आणि टोकं तडकतात.

चेन वेगळी लागते. आडवं कापायच्या चेनला धारेचा कोन २५ ते ३० अंश, उभं फाडायच्या चेनला साधारण १०. सॉ मोठा हवा, ७० सीसीच्या वर, कारण पूर्ण रुंदीच्या लाकडात तो मिनिटामागून मिनिटं पूर्ण भारावर चालतो.

---

बांधावरचा

मी शेतकरी. मला कुठल्या रकान्यात घालता? सॉ विकून पैसे येत नाहीत, कापून कुणाला बिल देत नाही, पण वाऱ्यानं झाड वाटेवर आडवं पडलं की शौक आहे का विचारायला वेळ नसतो. आणि खरं सांगायचं तर काम संपल्यावरही उगाच दोन ओंडके जास्तीचे कापतो. ते शौकात धरा.

---

खोडकर

@बांधावरचा, पहिला ओंडका धंद्यात, पुढचे दोन शौकात. फळीबहाद्दर खातेवही लिहून देतील.

---

ताणाबाणा

संरक्षक कपड्यांबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी कापड गिरणीत गुणवत्ता तपासते. पायावर घालायचे चॅप्स पहिल्यांदा हातात आले तेव्हा मी आधी टाकून द्यायचा एक जुना जोड मागून घेतला आणि उसवला.

आत काय असतं बघा. वर साधं जाड कापड. त्याखाली लांब, चिवट धाग्यांचे सैलसर विणलेले थर, एकावर एक. लोकांना वाटतं हे कापड कापलं जात नाही. तसं नाही, ते कापलं जातंच. वरचं आवरण फाटलं की आतले धागे दातांना अडकून भराभर ओढले जातात, लांबच्या लांब, आणि चेनबरोबर स्प्रॉकेटपर्यंत (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकापर्यंत) पोचून तिथे गच्च गुंडाळले जातात. मग क्लच घसरतो आणि चेन थांबते. हे सगळं क्षणभरात. म्हणून ते धागे सैलच हवेत. चॅप्स स्वतः घरी शिवून अल्टर केले, मधून टाके मारले, तर धागा जागीच बांधला जातो आणि ओढला जात नाही. बाहेरून नवं दिसणारं कापड आतून निकामी. ब्लीच लावलं, कडक उन्हात कायम टांगून ठेवलं, तरी धागा कमकुवत होतो.

आणि एकदा चेन लागली की तो जोड संपला. ठिगळ लावून पुन्हा वापरायचा नसतो.

अवांतर: @जुनंतेसोनं, हस्कवर्नानं बंदुकांनंतर आणि सॉच्या आधी शिवणयंत्रंही काढली होती, १८७२ पासून. मला सॉच्या नादाला लागायला तेवढं कारण पुरलं.

---

गणपूरक

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. @ताणाबाणा यांच्या प्रतिसादाला जोडून एक हिशोब.

चॅप्सवर वर्ग लिहिलेला असतो. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर चाचणी, वर्ग २ म्हणजे २४, वर्ग ३ म्हणजे २८. आता आपल्या सॉच्या चेनचा वेग काढू. पॉइंट ३२५ इंचाची चेन, म्हणजे पिच (लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराच्या निम्मं) ८.२५५ मिलिमीटर. सात दातांचं स्प्रॉकेट. एका फेऱ्यात चेन सरकते ७ गुणिले २ गुणिले ८.२५५, म्हणजे साधारण ११५.६ मिलिमीटर. लाकडात सॉ मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर चेन सेकंदाला १९.३ मीटर धावते. आणि लाकडाबाहेर, पूर्ण थ्रॉटल, १३,५०० फेरे? २६ मीटर.

म्हणजे वर्ग १ चे चॅप्स कापताना कसेबसे पुरे पडतात आणि एक काप संपवून दुसऱ्याकडे जाताना ट्रिगर दाबलेलाच राहिला तर अपुरे. मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मुलांनी एका सुरात विचारलं, "सर, मग ट्रिगर सोडायचा ना?" सोडायचा. चालताना चेन ब्रेक लावायचा.

---

भूलभुलैया

@गणपूरक, हा हिशोब वेगळा धागा करून वर चिकटवून ठेवा, प्लीज.

---

दाढदुखी

+१. आणि मुलांना शंभर पैकी शंभर.

---

तारसप्तक

मी व्हायोलिन वाजवते. कार्यक्रम आणि शिकवण्या, दोन्हींवर घर चालतं. @दोरखंड यांचा कंपनाचा परिच्छेद दोनदा वाचला.

माझी डाव्या हाताची बोटं हेच माझं भांडवल. म्हणून नियम कडक केले आहेत. पेट्रोलचा सॉ विकला, बॅटरीचा घेतला, त्याची कंपनं बरीच कमी आहेत. सलग पाच-दहा मिनिटं, मग थांबून हात गरम करायचे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सॉ नाही. मूठ आवळून धरायची नाही, हे व्हायोलिनच्या गजामुळे आपोआप जमलं. गज घट्ट धरला की सूर कर्कश होतो. सॉ अकारण आवळला की कंपन सगळं मनगटातून वर चढतं. पकड पक्की हवी, पण बाहू मोकळे.

कानांबद्दल सगळेच हलगर्जी असतात. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास चालेल असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. पेट्रोलचा सॉ कानाशी सहज शंभरच्या वर असतो. मी कानात बोळे आणि वर मफ असं दोन्ही घालते. दोन्हींची बेरीज होते असं समजू नका. जे जास्त चांगलं त्याच्यावर पाचेक डेसिबल वाढतात, बस. तरी घालतेच. कानात कायमची शिट्टी वाजायला लागली तर ती बंद करायचा स्क्रू कुठल्याच कार्ब्युरेटरवर नाही.

---

दोरखंड

@तारसप्तक, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. बॅटरीच्या सॉबद्दल एक सांगतो. आवाज नाही म्हणून तो बंद आहे असं वाटतं. दोन कापांच्या मधे बॅटरी काढायची किंवा ब्रेक तरी लावायचा. आणि @ताणाबाणा म्हणतात तसा धागा गुंडाळून चेन थांबते ते पेट्रोलच्या सॉवर जास्त भरवशाचं. विजेच्या मोटरला आरंभापासूनच जोर असतो, ती धाग्यांसकट ओढत राहू शकते. चॅप्स घालाच, पण त्यांच्या जिवावर पाय पुढे करू नका.

@फळीबहाद्दर, तुम्ही प्रशिक्षण घेतलंत आणि तरी उभं झाड टाळता, मग तुमच्याशी माझं भांडणच नाही.

---

भुसा

पण दोरखंडदादा, मूळ मुद्द्यावर मला सरळरेघ यांचीच बाजू पटते. सराव तुमचा जास्त, मान्य. पण रोज दहा तास कापणाऱ्याला घाई आणि थकवा असतो, गिऱ्हाईक घड्याळ बघत असतं. आम्हाला कुणी घाई करत नाही. कंटाळा आला की सॉ खाली. यात सुरक्षितता नाही का?

---

दोरखंड

आहे. आणि तो तुमचा सगळ्यात मोठा फायदा आहे. माझ्याकडचे बहुतेक हुकलेले अपघात दुपारनंतरचे. फक्त एवढं की शौकीन माणूस तो फायदा वापरत नाही. सुट्टी एकच, लाकूड भरपूर, अंधार पडायच्या आत संपवू म्हणतो. कुणी घाई करत नसताना स्वतःच करतो.

---

बांधावरचा

हे मात्र खरं आहे.

---

सावकाश

पहिलाच प्रतिसाद. मी ग्रंथालयात काम करते. सॉ अजून घेतलेला नाही, सहा महिने नुसतं वाचतेय. सरळरेघकाका, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, स्वतः काय करता ते सांगितलंच नाही!

---

सरळरेघ

खरंच की. मी पुलांचे आराखडे करतो. तुळई कुठे ताणली जाते, कुठे दाबली जाते, हेच वर्षानुवर्षं.

आणि माझं मत मी बनवलं ते त्यामुळेच. दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका मला ओंडका दिसतच नाही, तुळई दिसते. वजनानं मधे वाकतोय, म्हणजे वरचा भाग दाबात, खालचा ताणात. वरून पूर्ण कापत गेलं तर काप मिटतो आणि बार पकडला जातो. म्हणून आधी वरून साधारण एक तृतीयांश, मग खालून वर. एकाच टोकाला टेकलेला, दुसरं टोक अधांतरी असेल तर सगळं उलटं. दाब खाली, ताण वर. आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. वाऱ्यानं पडलेल्या झाडाच्या खाली फांद्या दबलेल्या असतात, तिथे तर एकाच खोडात दोन-तीन ठिकाणी दाब आणि ताण जागा बदलतात. मी सॉ सुरू करायच्या आधी खडूनं खोडावर खुणा करतो, दाबाच्या बाजूला फुली, ताणाच्या बाजूला रेघ. बरोबरची मंडळी हसतात, पण खुणा बघून कापतात.

दोरखंड म्हणतात ते मात्र मी आता माझ्या मताला जोडून घेतो. धंद्यामुळे आपण काय बघतो ते ठरतं. बघितलेलं हातात उतरायला सरावच लागतो. खोडावर फुली मारता आली म्हणून बारचं टोक कुठे आहे ते कळत नाही. मला वाटतं शौकिनानं वर्षाची सुरुवात दर वेळी बारीक, आडव्या लाकडानं करावी, हात जागेवर येईपर्यंत.

---

दोरखंड

आता कसं बोललात! आणि ती फुली-रेघ आमच्या नव्या पोरांना शिकवतो, तुमची परवानगी गृहीत धरून.

---

जुनंतेसोनं

@सावकाश, सहा महिने वाचलंत हे उत्तम. काय कापणार ते आधी सांगा. तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला लोक उगाच मोठा सॉ सुचवतात.

---

सावकाश

वाऱ्यानं पडलेल्या फांद्या, मनगटापासून मांडीपर्यंतच्या जाडीच्या. आणि पुढे जमलं तर लाकडात कोरीवकाम. ग्रंथालयात दिवसभर पुस्तकं जागेवर लावते, कुठली गोष्ट कुठे ठेवली ते विसरत नाही. ही सवय कामाला येईल का?

---

ताणाबाणा

येईल की. कापल्यावर पाना, कानस आणि बारचं आवरण कुठे ठेवलं हे विसरणाऱ्यांचीच इथे गर्दी आहे.

---

दोरखंड

@सावकाश, तेवढ्या जाडीला ३५ ते ४० सीसीचा पेट्रोलचा सॉ किंवा चांगला बॅटरीचा पुष्कळ झाला. बार १४ इंचापेक्षा मोठा घेऊ नका. लांब बार म्हणजे टोक नजरेआड, आणि भूलभुलैया यांनी सांगितलेला वरचा चतकोर तिथेच असतो. सॉ घ्यायच्या आधी शिरस्त्राण, कानाचे मफ, चॅप्स, पुढून कडक बूट घ्या, उरलेल्यात सॉ बसवा. पहिले काही दिवस ओंडका घोडीवर ठेवून नुसते काप मारा, एकाच जाडीच्या चकत्या. चकती एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ येत असेल तर चेन एका बाजूला बोथट आहे.

कोरीवकामाला टोकानंच कापावं लागतं, त्यासाठी बारीक टोकाचा वेगळा बार आणि बारीक चेन मिळते. टोक अरुंद असल्यामुळे उसळी कमी बसते. पण ते नंतर. आधी चकत्या.

---

दाढदुखी

आणि पहिल्यांदा कानस लावलीत की दाताचा जवळून फोटो टाका. उजेड मागून नको, समोरून असू द्या, म्हणजे चमक दिसते की नाही ते सांगता येईल. कुठल्या पिचची चेन तेही लिहा. पॉइंट ३२५ असेल तर कानस ४.८ मिलिमीटरची, लहान ३/८ असेल तर ४ मिलिमीटरची.